पेन्सिलीत शिसं नाही, हॅमबर्गरमधे हॅम नाही

या वेळी तीन पत्रं आली आणि तिन्ही एकाच दुखण्याची, म्हणजे इंग्रजीत नाव एक आणि आत निघतं भलतंच, म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. पेन्सिल सारखी चावत असतो. त्याच्या पुस्तकात आतल्या काडीला 'लेड' म्हटलंय, लेड म्हणजे शिसं आणि शिसं विषारी, तेव्हापासून सासूबाईंना चैन नाहीये. खरंच पोटात शिसं जातंय का?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, शिसं जात नाहीये, आधी सासूबाईंना हे सांगून टाका. ती काडी ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून भट्टीत भाजलेली असते आणि ग्राफाइट म्हणजे कार्बन. झालं असं की 16व्या शतकात इंग्लंडमधे बॉरोडेल भागात हा काळा मऊ दगड सापडला, कागदावर ओढला की शिशासारखी रेघ उठायची, मग लोक त्याला काळं शिसंच म्हणायला लागले. 1779 मधे शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की हा कार्बनचाच प्रकार आहे, 1789 मधे वेर्नर नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्राफाइट नाव दिलं, पण तोवर जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलेलं. आणि ते आपल्याकडेही आलंच की, आपण शिसपेन्सिलच म्हणतो ना!

मुलाला एक करून दाखवा. एक एचबी आणि एक 4बी पेन्सिल घ्या, एकाच कागदावर शेजारी शेजारी रेघा ओढायला सांगा. 4बीत ग्राफाइट जास्त म्हणून रेघ काळीभोर आणि बोटाला लागते, एचबीत माती जास्त म्हणून काडी कडक आणि रेघ फिकी. हे हाताने केलं की त्याच्या डोक्यातून शिसं आपोआप जाईल. चावायची सवय मात्र सोडवाच, वरचा रंग आणि लाकडाच्या ढलप्या काही खायच्या गोष्टी नाहीत. अजून एक, याच स्पेलिंगचा 'लीड' म्हणजे पुढे नेणं, तेव्हा मोठ्याने वाचताना त्याचा उच्चार ऐकत जा.

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत होते, डिसेंबर लागला आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीतल्या गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, फार आठवण यायला लागली. गराडूला इंग्रजीत याम म्हणतात असं कळलं, दुकानात 'याम' लिहिलेले कंद मिळालेही, घरी आणून कापले तर आत केशरी, तळायला घेतले तर मऊ पडून काळे झाले, चव गोड! जीरावण मसाला टाकून बघितलं तरी जमेना. माझं काय चुकलं?
– एक आजी, इंदूर

आजी, तुमचं काहीच चुकलं नाही, तुम्हाला शब्द बरोबर सांगितला होता, पाटी चुकीची होती. तिथे नेहमीच्या दुकानात याम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा केशरी रताळंच असतं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपल्या ओळखीच्या कंदाचं नाव तिथल्या रताळ्याला दिलं, पुढे 1930 च्या दशकात लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी आपली मऊ केशरी रताळी वेगळी ओळखू यावीत म्हणून याच नावाने विकली, तेव्हापासून घोळ कायमचा झाला. खरा याम वेगळ्याच कुळातला, आपला गराडू त्यातला, साल खरबरीत, आत पिठूळ, म्हणून तर तळला की बाहेरून कुरकुरीत होतो. रताळ्यात साखर जास्त, ती तेलात जळते म्हणून काळं पडलं.

पुढच्या वेळी इंडियन किंवा आफ्रिकन दुकानात जा आणि फ्रीजरमधे जांभळा 'रतालू' दिसला तर घ्या. हे नाव ऐकून आपल्याला रताळं वाटतं पण ते गुजराती नाव आहे आणि तो खरा यामच, गराडूचा अगदी जवळचा. मुलीला फोन करून सांगून ठेवा, तिचा पण डिसेंबर गोड, म्हणजे गोड नको, चटकदार होईल.

प्रश्न: स्पोकन इंग्लिश शिकतोय, कंपनीच्या कामाने बाहेर जावं लागतं, घरचे सगळे शाकाहारी. मेनू वाचताना शब्द फोडून अर्थ लावतो, चालेल ना?
– एक विद्यार्थी, राजवाड्याजवळ, इंदूर

नाही चालणार रे बाबा, आणि याबाबतीत मी अगदी हट्टाने सांगते. 'स्वीटब्रेड' फोडलंस तर गोड पाव होतो, ताटात येतं वासराचं किंवा कोकराचं स्वादुपिंड नाहीतर थायमस ग्रंथी. (आपल्या 'स्वादुपिंड'चा सुद्धा शब्दशः अर्थ चविष्ट गोळा, बघ कसं आहे ते.) उलट 'मिन्समीट'मधे मीट दिसतं पण ख्रिसमसच्या 'पाय' नावाच्या भाजलेल्या पदार्थातलं ते सारण म्हणजे मनुका, सफरचंद, मसाले, फक्त पूर्वापार त्यात गाईबैलाच्या किडनीभोवतीची चरबी घालतात म्हणून तेही डोळे मिटून खायचं नाही. हॅमबर्गरमधे हॅम, म्हणजे डुकराचं मांस, नाही, नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं, पण आत बहुतेक बीफ. एगप्लँट मात्र बिनधास्त माग, ते वांगं आहे, आधी युरोपात पोचलेली काही वांगी पांढरी आणि अंड्याएवढी होती म्हणून हे नाव पडलं.

वेटरला सरळ विचार, 'इज देअर एनी मीट ऑर अॅनिमल फॅट इन धिस?' फॅट हा शब्द गाळू नकोस, नुसतं मीट विचारलं तर तो खरं बोलून 'नो' म्हणेल आणि चरबी तुझ्या ताटात येईल.