पहिली हरणाची शिकार आणि स्कोपची निवड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मुलगा पिट्सबर्गजवळ राहतो. येत्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याच्या शेजाऱ्यांबरोबर पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जायचं ठरतंय. रायफल .३०८ची (गोळीची जाडी, इंचांत) आहे, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) मात्र घ्यायचा आहे. मुलगा ४-१६x५० घेऊ म्हणतो, शेजारी ३-९x४०वर अडून बसलेत. माझं वय ५८, चष्मा आहे. कोणाचं ऐकू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: शेजाऱ्यांचं. पण स्कोपच्या आधी एक काम उरका, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. पर्यटक व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. तिथल्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तरच त्यातून सूट मिळते. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, चला, रेंजवर दोन बार काढून बघा," तरी परवाना खिशात आल्याशिवाय रायफलला हात लावू नका. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो उरकायला वेळ हाताशी ठेवा.

आता स्कोप. ३-९x४० म्हणजे प्रतिमा तीनपट ते नऊपट मोठी करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. नवखा माणूस पहिला आकडा बघून भुलतो. तुम्ही जाताय ते दाट झाडीचं जंगल, तिथे हरीण बहुतेक वेळा ५० ते १०० यार्डांच्या आतच दिसतं. सोळापट मोठेपणावर ५० यार्डांवर जेमतेम तीन फुटांचा तुकडा दिसतो. त्यात नुसते तपकिरी केस दिसतील. खांदा कुठला, मांडी कुठली, पत्ता लागणार नाही. तीनपटीवर त्याच अंतरावर सोळा-एक फूट रुंदी दिसते, म्हणजे अख्खं हरीण, त्याच्या आजूबाजूची झाडं आणि मागे कोणी माणूस तर नाही ना, हेही. शिवाय जास्त मोठेपणावर तुमच्या हाताचा थरकापही तितकाच मोठा दिसतो आणि मग चाप घाईने ओढला जातो. हरणाच्या खांद्यामागची मर्माची जागा साधारण आठ इंच व्यासाची असते. १०० यार्डांवर तेवढा नेम धरायला चौपट-सहापट पुष्कळ झाली.

दुसरा मुद्दा उजेडाचा, आणि खरी निवड इथे होते. पेनसिल्व्हेनियात हरणावर सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार काढता येतो. हरणं हिंडतात ती नेमकी याच दोन टोकांना. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागा: स्कोपमधून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर, ४० भागिले ६ म्हणजे ६.७. अंधारात विशीतल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, साठीच्या आसपास ती पाचावर येते. म्हणजे संधिप्रकाशात तुम्ही सहापटीवर ठेवलंत की ४० मिलिमीटरचं भिंगसुद्धा तुमच्या डोळ्याला पेलेल त्याहून जास्त प्रकाश देतं. ५० मिलिमीटरचा फायदा तुम्हाला आठपटीच्या वरच होईल, आणि तिथे तुम्हाला जायचंच नाही. उलट मोठं भिंग रायफलच्या नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. मग गाल बटवर (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागावर) नीट टेकत नाही, मान ताणून बघावं लागतं आणि नेम दरवेळी वेगळा पडतो. त्या वाढीव पैशांत चांगल्या काचेचा ३-९x४० येतो. ल्युपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम किंवा व्होर्टेक्सची डायमंडबॅक अशा मालिकांपैकी कुठलाही घ्या. स्कोपच्या नळीचा व्यास एक इंच की ३० मिलिमीटर यावर दुकानदार बरंच बोलेल. जाड नळीने प्रकाश वाढत नाही, नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणारे काटे फिरवायला आत जागा तेवढी जास्त मिळते. तुम्हाला एक इंच पुरे.

चष्म्याची गोष्ट महत्त्वाची. स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला की पूर्ण वर्तुळ दिसतं, ते अंतर वेष्टनावर छापलेलं असतं. साडेतीन इंचांच्या खाली असेल तर घेऊ नका, चार असेल तर उत्तम. .३०८चा धक्का बऱ्यापैकी असतो. डोळा जवळ नेला की स्कोपची कड थेट भुवईवर येते आणि चष्मा असेल तर काचेवर. हे बहुतेकदा चढावर वर नेम धरताना किंवा झोपून बार काढताना होतं, कारण तेव्हा डोकं नकळत पुढे सरकतं. दुकानात नऊपटीवर ठेवून तपासा, बऱ्याच स्कोपमध्ये मोठेपणा वाढवला की हे अंतर कमी होतं.

आतल्या खुणांचं काम साधं ठेवा: कडेला जाड आणि मध्यभागी बारीक होत जाणारी फुली, ज्याला तिथे ड्युप्लेक्स म्हणतात. संधिप्रकाशात बारीक रेघ दिसेनाशी झाली तरी जाड दांड्यांच्या मधोमध नेम धरता येतो. खाली टिंबंटिंबं असलेली, गोळी किती पडेल ते दाखवणारी फुली १५० यार्डांच्या आतल्या शिकारीला नुसता गोंधळ. आणि त्या टिंबांचा हिशोब बहुतेक अशा स्कोपमध्ये एकाच मोठेपणावर जुळतो, साधारणतः सर्वात वरच्या. सहापटीवर ठेवून त्यांवर विसंबलात तर गोळी भलतीकडे जाईल.

मागच्या काचेची कडी फिरवून फुली स्वतःच्या डोळ्याला लावून घ्या, लांबचा चष्मा घालूनच. स्कोप आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा, दोन-तीन सेकंद बघा, डोळा काढा, कडी थोडी फिरवा, परत बघा. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फुली धूसर असूनही स्पष्ट वाटते. हे एकदाच करायचं असतं, पण ते न केल्यामुळे पुष्कळ लोक चांगल्या स्कोपला नावं ठेवतात.

आणि येताना स्कोप बॅगेत टाकून मुंबईला आणू नका. अमेरिकेच्या निर्यात-नियमांत बंदुकीच्या स्कोपचा स्वतंत्र वर्ग आहे, ०ए५०४. तो मुलाकडेच राहू द्या.

प्रश्न: वरील पत्रासोबत मुलाची पुरवणी: दुकानदार म्हणतो की स्कोप बसवून, "बोअर-साइट" करून देतो. तेवढं पुरेल ना? आधीच्या एका स्कोपने तीन बार तीन ठिकाणी मारले होते, म्हणून विचारतोय.

उत्तर: नाही पुरत. बोअर-साइट म्हणजे रायफलच्या नळीतून आणि स्कोपमधून साधारण एकाच दिशेला बघणं जुळवलेलं असतं. पहिली गोळी कागदावर लागावी एवढाच त्याचा उपयोग. झीरो (ठरलेल्या अंतरावर गोळी फुलीच्या मध्यावरच लागेल अशी जुळणी) तुम्हालाच करायचा आहे, आणि शिकारीला जी काडतुसं नेणार तीच वापरून. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नेणार असाल तर रेंजवर स्वस्तातली १६८ ग्रेनची झाडून उपयोग नाही, दोन्हींचा नेम वेगळा पडतो.

तीन बार तीन ठिकाणी गेले तर शंभरातल्या नव्वद वेळा दोष स्कोपच्या आत नसून खालच्या स्क्रूंमध्ये असतो, असं आमचं मत. बसवताना बेसचे (रायफलवर बसणारी पट्टी) आणि रिंगांचे (स्कोपला धरणारी कडी) स्क्रू, त्यांची भोकं आधी स्पिरिटने तेलविरहित करा. बेसच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) चालतो. रिंगांच्या स्क्रूंना तो लावू नये, कारण तेलासारखा पसरून ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात आणि स्कोपची नळी चेमटते. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) हवाच. रिंगांचे वरचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड. रिंगांच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. चार स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसायला हव्यात. आवळण्याआधी फुली सरळ करा: रायफल लेव्हलमध्ये ठेवायची, वीस-पंचवीस यार्डांवर ओळंबा लटकवायचा आणि उभी रेघ त्या दोरीला जुळवायची. गवंड्याचा ओळंबा इथे महागड्या साधनांइतकंच काम करतो.

मग रेंजवर पहिल्यांदा २५ यार्ड. रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर, नळी कशालाही टेकलेली नको. पुढचा लाकडी भाग थेट टेबलाच्या कडेवर ठेवलात तर गोळ्या वर उडतात. तीन बार काढा आणि तिन्हींच्या मधला बिंदू बघा. एकेका बारानंतर काटा फिरवणारा माणूस दिवसभर गोळीच्या मागे धावतो आणि संध्याकाळी काडतुसांची पेटी रिकामी होते. बहुतेक स्कोपचा एक क्लिक पाव एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) असतो. म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, पण २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. तेव्हा २५ यार्डांवर गोळ्या तीन इंच डावीकडे पडत असतील तर उजवीकडे ४८ क्लिक. काट्यावरचा बाण गोळी ज्या दिशेला न्यायची ती दाखवतो, फुली नव्हे. इथे गोळी केंद्रापासून पाऊण इंच खाली आणा, म्हणजे १०० यार्डांवर ती जवळपास बरोबर बसते.

१०० यार्डांवर पुन्हा तीन-तीन बार. दोन फेऱ्यांच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाते, त्यामुळे थंड नळीतली पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं लिहून ठेवा. १०० यार्डांच्या झीरोवर .३०८ची १५० ग्रेनची गोळी १५० यार्डांवर इंचभरापेक्षा थोडी जास्त पडते, २०० वर सुमारे चार इंच. बाबांना सांगा, १५०च्या पलीकडे चाप ओढायचा नाही. आणि हेही खरं की विमानातून किंवा गाडीच्या डिकीतून नेल्यावर एकदा कागदावर तपासल्याशिवाय जंगलात जाऊ नये.

नारिंगी कपडा विसरू नका. रायफलच्या हरण-हंगामात पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच चमकता नारिंगी रंग लागतो.

प्रश्न: वरळीच्या रेंजवर मुलगी १० मीटर एअर रायफल शिकतेय. तिच्या सरावासाठी स्कोप घेतला तर नेम लवकर सुधारेल का? (एक वाचक, दादर)

उत्तर: घेऊ नका. १० मीटर स्पर्धेत स्कोप चालतच नाही, मागे बारीक छिद्राची पीप-साइट आणि पुढे वर्तुळ असतं. स्कोपवर सराव केला तर तिला स्पर्धेत सगळं नव्याने शिकावं लागेल. घरच्या साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावायचा विचार असेल तर आणखी एक धोका आहे. तिच्या पिस्टनचा धक्का मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो. मोठ्या रायफलचा स्कोप मागच्या धक्क्यासाठी घडवलेला असतो, त्याची भिंगं काही दिवसांत सैल होतात. शिवाय असा स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेला असतो, १० मीटरवर निशाण धूसर दिसतं आणि डोकं जरा हललं की फुली सरकते.

प्रश्न: मित्राकडे जुना रायफल-स्कोप आहे. नॅशनल पार्कात चितळ बघायला तोच नेऊ का? दुर्बिणीचे पैसे वाचतील. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: नका नेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम ९ने शिकारीला मनाई आहे, आणि जंगलाच्या दारात बंदुकीचा स्कोप दिसला की वनरक्षक दहा प्रश्न विचारणार. विचारायलाच हवेत. त्यात एका डोळ्याने, चार इंचांवरून, चिंचोळ्या वर्तुळात बघून दहा मिनिटांत डोळा भरून येतो. पेनसिल्व्हेनियात जाणाऱ्या मुलुंडच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं: स्कोपमधून हरीण शोधायचं नसतं, कारण स्कोप जिकडे तिकडे नळी, आणि झुडपामागे माणूसही असू शकतो. तिथे नराच्या शिंगांची टोकं मोजावी लागतात, तीही दुर्बिणीतूनच मोजावीत.

तुम्ही ८x४२ दुर्बीण घ्या. वरचाच भागाकार करा, ५.२५ मिलिमीटर येतो, सकाळी साडेसहाच्या झाडीत पुरेसा. आत नायट्रोजन भरलेली, पाण्यात टिकणारी असावी. मुंबईच्या पावसाळ्यात साध्या दुर्बिणीच्या भिंगांवर जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. कापडी पाउच किंवा कातड्याच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद ओव्हनमध्ये परत निळे होईपर्यंत सुकवायचे. फिरून आल्यावर दुर्बीण ओली असेल तर आधी पंख्याखाली रात्रभर, मग डब्यात.