चवथीला गोव्यातल्या मूळ घरी जायचे असेल, तर रजा कोणत्या दिवसापासून घ्यावी?

तुम्ही विचारले आहे की, मुंबईतील नोकरीत तीनच दिवसांची रजा मिळणार असेल, तर ती चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, पुढे घ्यावी की आधीपासून, आणि वर्षभर न भेटलेल्या चुलत्यांच्या घरात आपण केवळ पाहुणे ठरू नये यासाठी काय करावे. माझे मूळ घर डिचोली तालुक्यात आहे, मीही नोकरीमुळे बाहेर राहतो आणि या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा कळले, म्हणून सविस्तर लिहितो.

रजा आधीची घ्या. तय, म्हणजे हरितालिका, चवथ आणि पंचमी हे तुमचे तीन दिवस. प्रवास तयेच्या आदल्या रात्री करावा, आणि गणपती दीड दिवसाचा असेल तर पंचमीला विसर्जन आटोपून निघावे. पाच किंवा सात दिवसांचा असला तरी सुरुवातीचे दिवस सोडू नयेत.

मी कित्येक वर्षे याच्या उलट करीत असे. चवथीच्या सकाळी थिवी स्थानकावर उतरायचे, आंघोळ करून पूजेला हजर व्हायचे, पंगतीत जेवायचे आणि संध्याकाळी आरतीला उभे राहायचे, असा माझा क्रम होता. कोणी कधी काही बोलले नाही. उलट माझे आगतस्वागतच होई, आणि आपल्याच घरात आगतस्वागत होणे म्हणजे काय हे मला तेव्हा समजले नव्हते. पुढे एका वर्षी मोठ्या काकांचा गुडघा धरला, पुतण्याबरोबर डोंगरावर जायला माणूस हवा होता, म्हणून मी दोन दिवस आधी गेलो आणि जन्मात पहिल्यांदा माटोळीचे सामान स्वतः गोळा केले.

गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली माटोळीची लाकडी चौकट तुम्ही पाहिली असेलच. ती भरायला काय लागते, हे मात्र बांधणाऱ्यालाच कळते. नारळाची पेंड आणि सुपारीची कातर, म्हणजे त्यांचे घड, चिबूड, तवशी, दोडकी, तोरिंगे, आंबाडे ही परसातून किंवा बाजारातून मिळतात. पण कांगलांचे घोस, लालभडक कवंडळे आणि वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या रानातच शोधाव्या लागतात, आणि हे सगळे जिने बांधायचे, ती कुमयाच्या सालीची दोरीही तिथूनच आणावी लागते. आम्ही आणलेला भारा काकांनी सोप्यावर बसून एकेक करून पाहिला, दोन वेली चुकीच्या म्हणून बाजूला ठेवल्या, कवंडळ दिसायला कितीही सुंदर असले तरी तोंडात घालायचे नाही हे मुलांना बजावले आणि कोणते फळ चौकटीत कुठे येते ते सांगत गेले. त्या दुपारी त्यांच्याशी जेवढे बोलणे झाले, तेवढे आधीच्या दहा चवथींत मिळूनही झाले नव्हते. रानात जाणे शक्य नसेल, तर म्हापसा किंवा फोंडा येथे माटोळीचा बाजार भरतो, तिथे तरी घरच्या जाणत्या माणसाबरोबर जावे.

स्वयंपाकघरातही हेच खरे आहे. तयेला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, चवथीला नेवऱ्या, मोदक, मुगाची गाठी आणि तेफळ घातलेले खतखते, एवढे सगळे तीस-पस्तीस माणसांसाठी करायचे असते, आणि ते काम बहुतेक घरांत अजूनही बायकांवरच पडते. मला हे अयोग्य वाटते आणि मी ते घरात बोलूनही दाखवले आहे. सोवळ्याचे नियम काय आहेत ते काकीला विचारावे आणि निदान नारळ खोवणे, भाज्या चिरणे, पंगत वाढणे एवढे तरी पुरुषांनी करावे.

तुमच्या मूळ घरी मूर्तीऐवजी कागदावरचे चित्र किंवा पत्री पुजत असतील, तर मुंबईहून हौसेने मूर्ती नेऊ नका. गोव्यात 1560 साली आलेले इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतले ख्रिस्ती धर्मन्यायालय, 1812 साली कायमचे बंद झाले. त्या काळात उघडपणे मूर्ती पुजणे शक्य नसल्याने काही घराण्यांत असे पूजन सुरू झाले असे सांगतात, आणि तो कुळाचार आजही पाळला जातो.

आरतीच्या वेळी घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडे लावलेले वाद्य, वाजवता येत नसेल, तर कासाळे, म्हणजे मोठी झांज, हाती घ्यावे आणि वाड्यावरच्या घराघरांत मंडळींबरोबर फिरावे. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. घोरपडीला कायद्याचे संरक्षण असल्याने आता बकऱ्याचे कातडे लावतात. 2019 साली राज्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, तरी ते शिकायला तुमच्या वाड्यावरचा म्हाताराच गाठावा लागेल.

खर्चाचेही आधी बोलून घ्या. काही घरांत दरवर्षी एकेका शाखेची पाळी असते, काही घरांत वर्गणी काढतात. आपला वाटा विचारून, न मागता, मोठ्या काकांच्या हाती द्यावा. परतताना पाकिटात घालून ठेवून जाऊ नये, ते आहेरासारखे दिसते.

चवथ तिथीने येते, 2024 साली ती 7 सप्टेंबरला होती आणि 2025 साली 27 ऑगस्टला, त्यामुळे रजेचा अर्ज पंचांग पाहूनच करावा. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते आणि कोकणाकडच्या गाड्या लगेच भरतात. परतीचे तिकीट पंचमीच्या रात्रीचे मिळाले, तर तसे काकीला तयेलाच सांगून ठेवा. विसर्जनानंतर माटोळीतली फळे वाटतात, तुमचा वाटा ती आधीच बाजूला काढून ठेवील.