तंबू घेऊन निघालात? आधी संध्याकाळचा हिशेब करा

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही खानापूरचे. नाताळच्या सुट्टीत नऊ दिवस गाडीनं फिरायचं ठरवूलालोय. बेळगावहून बदामी, हंपी, चित्रदुर्ग, तिथनं म्हैसूर, मडिकेरी, उडुपी, गोकर्ण आणि परत. आम्ही दोघं, पाच आणि अकरा वर्षांची दोन पोरं आणि सासूबाई, त्यांचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात पण त्यांनाच सगळ्यात जास्त हौस आहे. मिस्टर म्हणतात रोज तंबू ठोकायचा, लॉजचा खर्च वाचतो आणि पोरांना मजा. मला मात्र धाकधूक लागून राहिलीय. रोज किती किलोमीटर धरायचं आणि तंबू कुठं कुठं ठोकायचा ते सांगा की.

उत्तर: वहिनी, तुमची धाकधूक बरोबर आहे, मिस्टरांची हौसही बरोबर आहे, चुकलाय तो रूट. हे सगळं मिळून चौदाशे किलोमीटरच्या आसपास जातं, आणि नऊ दिवसांत म्हणजे रोज सामान काढा, तंबू ठोका, सकाळी दंवानं ओला झालेला तसाच कोंबा आणि पळा. पाच वर्षांचं पोर दोन दिवस ऐकेल, तिसऱ्या दिवशी रडायला लागेल. माझं स्पष्ट मत आहे की म्हैसूर-मडिकेरी पुढच्या खेपेला ठेवा. चित्रदुर्गाहून शिवमोग्गा, सागर, जोग असं खाली उतरा, होन्नावरला समुद्र गाठा, तिथनं गोकर्ण आणि मग अंकोला-यल्लापूर करून घर. हे हजाराच्या आत बसतं. बदामीला दोन रात्री, हंपीला दोन, चित्रदुर्गला एक, जोगला एक, गोकर्णला दोन, झाल्या आठ रात्री.

आता किलोमीटरचं. तंबूवाल्या प्रवासात किलोमीटर मोजूच नका, घड्याळ मोजा. डिसेंबरात आपल्याकडं सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि नंतर अर्ध्या तासात मिट्ट काळोख. तंबू ठोकायला पहिल्यांदा एक तास लागतो, चूल मांडायला, पाणी आणायला, पोरांना हातपाय धुवायला अजून एक. म्हणजे चार वाजता गाडी मुक्कामाच्या जागेवर उभी पाहिजे. चारपासून मागं मोजत या, जेवणाचा तास काढा, चहाचे दोन थांबे काढा, मोबाईलचा मॅप जेवढा वेळ दाखवतो त्याच्यात निम्मा वेळ अजून घाला, आणि मग जे अंतर उरेल तेवढंच त्या दिवसाचं. दीडशे-पावणेदोनशेच्या वर जात नाही ते, बघा करून. चित्रदुर्ग ते जोग हा टप्पा दोनशेच्या पुढं जातो, म्हणून त्या दिवशी तंबूच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या घरची पहिली ट्रिप गणेशगुडीच्या बाजूला होती, निघायला उशीर, वाटेत अजून उशीर, आणि साडेसातला आम्ही गाडीच्या हेडलाईटच्या उजेडात तंबू ठोकत होतो. जागा नीट दिसलीच नाही. आमच्या आत्या रात्री लघवीला उठल्या आणि तंबूच्या ताणलेल्या दोरीत पाय अडकून पालथ्या पडल्या, मनगट मोडलं. त्यांचा तो "आई गं" अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून मी प्रत्येक दोरीला जुन्या पांढऱ्या धोतराची पट्टी बांधते आणि चारनंतर पोचलो तर तंबूची पिशवी उघडू देत नाही, सरळ लॉज बघायचा. सासूबाई बरोबर आहेत म्हणून तुम्हीही पट्ट्या बांधाच.

रात्री गाडी न चालवायचं अजून एक कारण आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण तरी सांगते. उसाचा हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. परतीच्या वाटेवर अंकोला ते यल्लापूर अरबैल घाट आहे, तिथं अवजड ट्रकांची रांग असते, तो घाट सकाळीच चढायचा.

जागांचं म्हणाल तर बदामीच्या लेण्यांजवळ किंवा अगस्त्य तळ्याच्या काठावर तंबू ठोकता येत नाही, तो संरक्षित भाग आहे, आणि माकडं इतकी आहेत की खाण्याचा वास आला तर तंबू फाडून आत शिरतात. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, तो अकरा वर्षांच्या पोराला जरूर दाखवा, पण राहायचं गावाबाहेर. हंपीला नदीपलीकडं आनेगुंदी-सणापूरच्या अंगाला शेतात, बागेत राहायची सोय करणारे लोक आहेत. तिथल्या मोठ्या मोठ्या धोंड्यांच्या टेकड्यांवर चंद्रप्रकाशात तंबू किती छान दिसेल असं वाटतं, पण त्या टेकड्या अस्वलांच्या आहेत. दरोजीचं अस्वल अभयारण्य जवळच आहे आणि संध्याकाळ झाली की अस्वलं खाली उतरतात. तुंगभद्रेच्या वाळूत किंवा खडकावरही नको, वरच्या धरणातनं पाणी सोडलं की पातळी कधी वाढेल सांगता येत नाही, शिवाय मगरी आहेत.

मग ठोकायचा कुठं? माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे, खोलीसकट अंगण. होमस्टे किंवा शेतातलं घर बघायचं, एक खोली घ्यायची, आणि अंगणात तंबू ठोकू देणार का असं बुकिंगच्या आधी फोनवर विचारायचं, पैसे किती तेही तेव्हाच ठरवायचं. पोरं आणि मिस्टर तंबूत, सासूबाई पलंगावर, संडास-बाथरूम दहा पावलांवर. रात्री पोराला ताप आला, पाऊस आला, कुत्री भुंकायला लागली, उचला अंथरूण आणि आत. खर्च थोडा वाढतो, पण पाच जणांच्या दोन खोल्यांऐवजी एकच लागते म्हणून वाचतोही. सासूबाईंना कन्नड येत असेल तर विचारायचं काम त्यांनाच द्या. "इल्ली टेंट हाकबहुदा?", म्हणजे इथं तंबू ठोकता येईल का, असं म्हाताऱ्या बाईनं विचारलं की समोरचा आधी "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का, असं विचारतो, आणि मग जागा मिळतेच.

जोग-सागरच्या पट्ट्यात मात्र तंबू अजिबात नाही, आणि हे मी कळकळीनं सांगतेय. तिथं माकडताप आहे. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. गोचिडीच्या चावण्यातनं होतो आणि जोर असतो डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीत. सिरसी-सिद्धापूरकडंही तेच. वाळक्या पानांवर बसू नका, पोरांना रानात फुल पँट आणि मोजे घाला, रात्री आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागं नीट बघा. घरी आल्यावर दोन आठवड्यांत कुणाला जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आपण कुठं फिरून आलो ते आधी सांगायचं. जोगला छताखालीच राहा. केएसटीडीसीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या पर्यटन महामंडळाची, मयूर हॉटेलं बदामी, हंपीजवळचं कमलापूर आणि जोग तिन्हीकडं आहेत, पण नाताळात भरतात, आत्ताच फोन लावा.

प्रश्न: आम्ही चौघं, निपाणी. ऑनलाईन "फोर पर्सन" लिहिलेला तंबू स्वस्तात मिळतोय, घेऊ का? आणि खाली काय अंथरायचं?

उत्तर: "फोर पर्सन" म्हणजे चार माणसं सरळ रेषेत, हात अंगाला चिकटवून, बॅगा बाहेर ठेवून. चौघांना सहा जणांचा घ्या. दोन पदरी असला पाहिजे, आत जाळीचा आणि वर वेगळं पावसाचं कव्हर, एकेरी कापडाच्या तंबूत आपल्याच श्वासाची वाफ वर जमते आणि पहाटे तोंडावर थेंब पडतात, लोकांना वाटतं तंबू गळतोय. कव्हरवर पाण्याच्या दाबाचा आकडा लिहिलेला असतो, ३००० मिलीमीटर असेल तर पाऊसही निभावतो.

खाली ताडपत्री अंथरा पण ती तंबूच्या कडेच्या आत दुमडा, बाहेर राहिली तर वरनं ओघळलेलं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. थंडी वरनं कमी आणि जमिनीतनं जास्त लागते, म्हणून दोन पांघरुणं असतील तर एक खाली घाला. घरातलं घोंगडं आणि जाडजूड जमखाना असला तर महागड्या मॅटची गरज नाही.

खुंट्यांचं कुणी सांगत नाही ते सांगते. तंबूबरोबर येतात त्या तारेसारख्या खुंट्या आपल्याकडं कामाच्या नाहीत. खानापूर-जांबोटीकडं जांभा, त्यात त्या वाकतात, तिथं दोरी मोठ्या दगडाला बांधायची. गोकाक-सौंदत्ती-बदामीकडं काळी माती, वाळली की भेगा, त्यात खुंटी धरत नाही आणि वारा आला की बाहेर येते. त्यासाठी लोहाराकडनं वीतभर लांब लोखंडी खुंट्या करून घ्या, तिरक्या ठोका, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं पाहिजे. काळ्या मातीत पाऊस पडला तर गाडी आत घेतलेली बाहेर निघत नाही, गाडी डांबराजवळच ठेवायची. समुद्रावर वाळूत खुंटी टिकतच नाही, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून दोरी बांधायची आणि पिशवी पुरायची.

आणि नेण्याआधी एक रात्र घरच्या अंगणात किंवा गच्चीवर ठोकून झोपा. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला मार्गशीर्ष पौर्णिमेला बैलगाडीनं जाऊन पाल ठोकून राहणारी आपली माणसं, त्यांना कुणी कॅम्पिंग शिकवलं नव्हतं, पण निघायच्या आधी पालाची प्रत्येक दोरी, प्रत्येक शिवण बघून घ्यायची ही त्यांची रीत होती. माझी आजी तर चेन नसलेल्या पालाच्या तोंडाला सुईदोरा घेऊन बसायची. आत्ताच्या तंबूची चेन धुळीनं अडकते, तिच्यावर मेणबत्ती घासा, सरसर चालते.

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची, आम्ही चिकोडीकर. तिला बाहेर संडासला जायची लाज वाटते, म्हणून ती कॅम्पिंगला येतच नाही म्हणते.

उत्तर: तिचं ऐका, जबरदस्ती करू नका. वर सांगितलं तसं खोलीसकट अंगण बघितलं की निम्मा प्रश्न सुटतो. नाहीतर उभा, एका माणसापुरता टॉयलेटचा तंबू मिळतो, त्यात झाकणाची बादली, बादलीत कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा आणि वरनं परत माती, वास येत नाही. पाळीच्या दिवसांत तिला स्वतःची वेगळी पिशवी द्या, त्यात पॅड, जुने पेपर, साबण, टॉर्च, आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत घालून परत आणायचं, रानात पुरायचं नाही, कुत्री उकरतात. आणि निघायच्या आधी तिला विचारूनच दिवस ठरवा, एवढ्यानंच पोरी तयार होतात असा माझा अनुभव आहे. पाणी चौघांना एका रात्रीला वीस लिटरचा एक कॅन पिण्या-रांधण्याला आणि एक धुण्याला, एवढं धराच.

प्रश्न: दांडेलीला काळी नदीच्या काठावर तंबू ठोकून शेकोटी करायची आहे. परवानगी लागते का? आणि थंडी असली तर तंबूत शेगडी चालेल का? बेळगाव.

उत्तर: शेगडीचं आधी. नाही, नाही आणि नाही. कोळशाची असो, गॅसची असो, तंबूची चेन लावली की कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. निखारे विझत आलेत म्हणून आत घेतले तरी तेच. थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या, कानटोपी घाला. स्वयंपाक तंबूपासून पाच-सहा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

नदीकाठाचं म्हणाल तर आजूबाजूचं बरंच जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात येतं, आधी त्याला दांडेली-अणशी म्हणायचे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे, तंबू आणि शेकोटी तर लांबच. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यालाही तेच लागू. आणि परवानगीचं सोडा, सुपा धरणातनं वीज करायला पाणी सोडतात तसं गणेशगुडीच्या खाली नदी चढते, दुपारी कोरडा असलेला खडक संध्याकाळी पाण्यात असतो, दांडेलीजवळ तर मगरी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. नोंदणी असलेल्या कॅम्पमध्ये जा, सरकारी जंगल लॉजेसचेही कॅम्प दांडेली आणि गणेशगुडीला आहेत. शेकोटी तिथं त्यांनी ठरवलेल्या जागीच करायची, आणि झोपताना पाणी ओतून, राख हातानं चाचपून थंड लागली की मगच उठायचं. निघताना ११२ आणि १०८ हे दोन नंबर पोरांच्याही तोंडपाठ करून घ्या, आणि रात्री कुठं राहणार ते घरच्या एका माणसाला रेंज असतानाच कळवून ठेवा, कारण जगलबेटच्या पुढं गेलं की बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही.