कानाच्या पडद्याला छिद्र असताना हत्याराने मळ काढणे सुरक्षित असते का?

आपल्या वडिलांच्या कानाला दडा बसला आहे, पडद्याला जुने छिद्र असल्यामुळे डॉक्टरांनी पिचकारीने कान न धुता हत्याराने मळ काढायचे ठरवले आहे आणि धातूची वस्तू कानात जाणार म्हणून आपल्याला धास्ती वाटते, असे आपण लिहिले आहे. मी कोकणात कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो आणि मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. छिद्रातून पाणी मध्यकर्णात शिरले, तर जंतुसंसर्ग होऊन कान वाहू लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात तर ओल्या राहिलेल्या धडधाकट कानातही बुरशी धरते.

आपली धास्ती मात्र अनाठायी नाही. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात. त्याच्या आत हाडावर इतकी पातळ त्वचा असते, की नुसता स्पर्श झाला तरी कळ येते. त्यामुळे पडद्यालगत घट्ट बसलेला मळ दिसला, की कोणीतरी काडीने तो आत ढकलला असावा, अशी शंका आम्हाला येतेच.

डॉक्टर कान वर आणि मागे ओढून वाकडी नलिका सरळ करतात आणि कपाळावरच्या दिव्याच्या किंवा सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात आत पाहतात. जॉब्सन-हॉर्न प्रोब म्हणजे एक बारीक सळई असते. तिच्या एका टोकाला इवलेसे कडे असते आणि दुसऱ्या टोकाच्या खाचांवर कापूस गुंडाळता येतो. मळ आणि नलिकेची भिंत यांच्यामध्ये जिथे फट दिसेल तिथून ते कडे अलगद मळाच्या मागे न्यायचे आणि मळ बाहेर ओढायचा. हे करताना माझ्या हाताची करंगळी रुग्णाच्या गालावर टेकलेली असते, म्हणजे त्याने अचानक मान हलवली, तरी हातही डोक्याबरोबरच हलतो आणि सळई आत घुसत नाही. जिथे नजर पोहोचत नाही तिथे हत्यार न्यायचे नाही, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. रस्त्यावर कान कोरून देणाऱ्याकडे असा उजेड नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणीही जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

मध्येच खोकल्याची उबळ आली, तर घाबरू नये. कर्णनलिकेला व्हेगस मज्जातंतूची एक शाखा येते, तिला स्पर्श झाला की काहींना असे होते. दुखले तर वडिलांनी मान न हलवता हात वर करावा. मळ फार कडक असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागले तरी चालेल, पण घरी तेल किंवा मळ मऊ करणारे थेंब मनाने घालू नयेत, कारण छिद्रातून तेही आत उतरतात. वडिलांना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगावे. अशा रुग्णाच्या नलिकेला बारीकसा ओरखडाही येऊ नये, म्हणून आम्ही हात आणखी हळू चालवतो.