रशिया-युक्रेन, इराण-इस्रायल, अमेरिका-चीन: या भांडणांनी कोल्हापुरातल्या साध्या घराला खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी दोन एकर ऊस, भाऊ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) कामाला, वडील रोज रात्री टीव्हीवर ‘तिसरं महायुद्ध’ बघून झोप घालवतात. हे आपल्यापर्यंत खरंच येतं, की नुसता चॅनेलवाल्यांचा धंदा आहे?

येतं. फक्त चॅनेलवाले दाखवतात त्या वाटेनं येत नाही. माझं शिरोलीतच छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग आम्ही जॉबवर्कवर करून देतो. घरचा ऊस हातकणंगले तालुक्यात आहे, म्हणजे तुमच्यासारखंच एक पाय इकडं, एक तिकडं. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय की लांबची लढाई कोल्हापुरात पोचते ती बहुतेक वेळा दिल्लीच्या अधिसूचनेतून, आणि तीच अधिसूचना एका घरातल्या एकाला तारते नि दुसऱ्याला मारते.

२०२२ चा मे महिना आठवा. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडं टीव्हीवर रणगाडे दिसत होते, पण शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरात चर्चा होती पिग आयर्नची, म्हणजे फाउंड्रीत वितळवायच्या कच्च्या लोखंडाची. जगाच्या बाजारात विकायला येणाऱ्या पिग आयर्नमध्ये रशिया आणि युक्रेन हे दोन बडे निर्यातदार. मारियुपोलचा अझोवस्ताल कारखाना तर बातम्यांत रोजच होता, तो पोलादाचाच. तिथला माल थांबल्यावर युरोप-अमेरिकेतले ग्राहक भारताकडं वळले. आपल्याकडचं पिग आयर्न बाहेर जायला लागलं आणि इथल्या फाउंड्रीला ते त्याच चढ्या भावानं घ्यावं लागलं. स्क्रॅपचंही तेच. मालवाला फोनवर सांगायचा, दर आजच्यापुरता. आणि ज्या मोठ्या कंपनीला कास्टिंग द्यायचं ती दर वाढवून देणार तीन महिन्यांनी, तेही मागच्या तिमाहीची सरासरी काढून. मधली तूट कोण सोसणार? फाउंड्रीवाला. आणि त्यानं सोसली की आमच्यासारख्यांची बिलं लांबणार.

मग २१ मे आला, शनिवार. संध्याकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एका दमात बऱ्याच गोष्टी जाहीर केल्या. पेट्रोलवरचा उत्पादन शुल्क लिटरला ८ रुपयांनी आणि डिझेलवरचा ६ रुपयांनी कमी. उज्ज्वलाच्या सिलिंडरला २०० रुपये अनुदान. खतांच्या अनुदानासाठी आणखी १ लाख १० हजार कोटी. पिग आयर्न आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क, आणि कोक, म्हणजे भट्टीत जाळायचा भाजलेला दगडी कोळसा, त्यावरचं आयात शुल्क शून्य. शिरोलीत त्या आठवड्यात लोकांचे चेहरे खुलले. बाहेर जाणारा माल देशात राहणार, दर उतरणार.

तीनच दिवसांनी, २४ मेला, दुसरा आदेश निघाला. १ जूनपासून साखरेची निर्यात खुली राहणार नाही, हंगामाची मर्यादा १०० लाख टन. त्याआधी १३ मेला गव्हाची निर्यात बंद झालेलीच होती. दिल्लीच्या बाजूनं बघितलं तर सगळं एकच धोरण: युद्धामुळं महागाई पेटलीय, जे देशात पिकतं ते देशात ठेवा. पण आमच्या घरात बघा. ज्या धोरणानं माझ्या फाउंड्रीवाल्याला कच्चा माल स्वस्त झाला, त्याच धोरणानं माझ्या वडिलांचा ऊस जातो त्या साखर कारखान्याला चांगल्या भावाच्या बाजाराचं दार अर्धं लावून घेतलं. जेवताना मी आणि वडील एकाच सरकारवर बोलत होतो, एक कौतुकानं आणि एक शिव्या देत.

पुढचं जास्त बोलकं आहे. पिग आयर्नवरचं शुल्क त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला उठलं, कारण पोलाद कंपन्यांनी दिल्लीत जोर लावला. साखरेवरचं बंधन मात्र राहिलं. २०२२-२३ ला साधारण ६० लाख टनांचा कोटा, २०२३-२४ ला निर्यात जवळजवळ नाहीच. आणि नेमकं त्याच काळात, २०२३ च्या नोव्हेंबरात, जगातली साखर बारा वर्षांतल्या सर्वांत चढ्या भावाला पोचली होती. आता हे सगळं पुतीनच्या माथी मारू नका. त्या वर्षी एल निनो होता, पाऊस कमी पडला, आणि निवडणूक जवळ आल्यावर कुठलंही सरकार शहरातल्या साखरेच्या भावाकडं बघतं. युद्धानं निमित्त दिलं, सवय मात्र जुनीच होती.

‘पण एफआरपी तर ठरलेली असते, मग निर्यातीनं आम्हाला काय?’ असं तुमचे वडील विचारतील. बरोबर आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो किमान दर, दिल्ली ठरवते आणि ती दरवर्षी थोडी वाढते. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं ३५५ रुपये. पण साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच थांबली. कारखान्याचा खर्च वाढतोय, देशातल्या भावावर सरकारची नजर, बाहेरचा बाजार कधी बंद, कधी कोट्यापुरता. मग एफआरपीच्या वरचे जे दोन-चारशे रुपये टनामागं मागायला आपण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातो, ते येणार कुठून? युद्धाचा फटका पहिल्या उचलीला, म्हणजे ऊस गेल्यावर मिळणाऱ्या पहिल्या हप्त्याला, बसत नाही. वरच्या रकमेला बसतो, म्हणून तो दिसत नाही.

साखर आणि कच्चं तेल यांचं नातंही एकदा समजून घ्या, मग आखातातल्या बातम्या वेगळ्या दिसतील. जगात सर्वांत जास्त साखर ब्राझील निर्यात करतो. तिथल्या बऱ्याच कारखान्यांना एकाच उसापासून साखर करायची की इथेनॉल, हे भाव बघून फिरवता येतं. तेल महागलं की ऊस इथेनॉलकडं जातो, बाजारात साखर कमी येते, भाव चढतो. म्हणजे आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत ताण वाढला तर कागदोपत्री ऊसवाल्याचं भलं व्हायला पाहिजे. पण जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या वाटेनं जातो, आणि आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. घरगुती गॅसचा निम्म्याहून जास्त वाटा आयातीचा, तोही मुख्यत: आखातातून. त्यामुळं तिकडं ठिणगी पडली की पहिला हिशेब डिझेलचा, गॅसचा आणि खताचा होतो. साखरेचा फायदा मागाहून येतो, आणि तोवर दिल्लीची अधिसूचना निघालेली असते.

खताचं तर विचारूच नका. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं म्हणून आपल्याला वाटतं भाव स्थिर आहेत. स्थिर आहे तो आपला भाव. वरचा फरक सरकार भरतं, आणि २०२२-२३ ला खतांचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. पोटॅशला तशी ढाल नव्हती. आपलं पोटॅश जवळजवळ सगळं आयातीचं, आणि मोठे निर्यातदार म्हणजे कॅनडा, रशिया, बेलारूस. बेलारूसवर निर्बंध, रशिया युद्धात. पोतं १७०० च्या आसपास गेलं तेव्हा उसाला पोटॅश कमी टाकणारे किती तरी शेतकरी मी बघितले. डीएपी या फॉस्फेटच्या खताची गोष्ट आणखी वेगळी, तिथं युद्धच नाही. चीननं २०२१ पासून स्वत:च्या शेतकऱ्यांसाठी खतांच्या निर्यातीवर लगाम घातला, तो तो हवा तसा सैल करतो आणि आवळतो. इथं दुकानात त्याचं रूप काय? ‘डीएपी शिल्लक नाही, आणि पाहिजे असेल तर ही दुसरी बाटली घ्यावी लागेल.’ लिंकिंग.

एक विषयांतर करतो, कारण ‘कोल्हापूर लांब आहे’ हे तुमच्या प्रश्नात दोनदा आलंय. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिननं पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना सोव्हिएत फौजांनी सैबेरिया, कझाकस्तानकडं हाकललं. १९४१ ला हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे फिरत फिरत त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले. १९४८ पर्यंत होते. नंतर त्याच जागी फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आज आपण लग्नाचा बस्ता काढायला जातो ते गांधीनगर झालं. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचं स्मारक आहे, बघितलं नसेल तर बघून या. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते.

असो. तुमच्या भावाच्या नोकरीकडं येतो, कारण खरी काळजी तिथं आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि न्हावा शेवाहून युरोपला जाणाऱ्या कंटेनरला दहा ते चौदा दिवस जास्त लागायला लागले. भाडं वाढलं हे सगळे लिहितात. जास्त दुखतं ते दिवस. माल समुद्रात असताना पैसे अडकलेले, बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चालू, आणि गिऱ्हाईक म्हणतं आमचे दिवस माल पोचल्यापासून मोजा. मोठी फाउंड्री हे झेलते. मधली फाउंड्री खाली ढकलते, आमच्यापर्यंत.

त्याच वेळी उलटी गोष्टही घडली. रशियाचा गॅस तुटल्यावर जर्मनीतल्या फाउंड्रींना वीज-गॅस परवडेना. शिवाय चीनवर सगळा भार नको म्हणून दुसरा पुरवठादार शोधायची पद्धत पडली होती. चौकशा इकडं वाढल्या. शिरोलीत ज्यांनी त्या काळात नवीन भट्टी, नवीन मोल्डिंग लाइन टाकली त्यांतल्या काहींनी याच आशेवर टाकली.

आणि मग २०२५. अमेरिकेनं ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के आयात कर लावला. रशियाचं तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. एकूण ५० झाला होता. त्यातही गंमत अशी की गाड्यांच्या सुट्या भागांना वेगळा नियम होता, तिथं कर २५ टक्के. म्हणजे एकाच भट्टीतून एकाच दिवशी निघालेल्या दोन कास्टिंगपैकी गाडीत बसणाऱ्याला २५ आणि पंपात बसणाऱ्याला ५०. स्वस्त तेल घेतलं सरकारी आणि खासगी रिफायनऱ्यांनी. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्केसुद्धा नव्हतं, ते तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं. दंड मात्र भरायला आले कास्टिंगवाले, कापडवाले, कोळंबीवाले.

सर्वांत जास्त रशियन तेल घेणारा चीन. त्याला हा दंड का नव्हता? त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिका चीनवर १४५ टक्क्यांपर्यंत चढली होती. चीननं ४ एप्रिलला सात दुर्मीळ खनिजांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाने लावले, अमेरिकेतले गाड्यांचे कारखाने अडखळायला लागले, आणि मे महिन्यात जिनिव्हात तह झाला, कर ३० वर आला. ज्याच्या हातात समोरच्याचं नाक दाबायला काही आहे त्याला सूट मिळते. आपण जगात चीनखालोखाल कास्टिंग करतो, पण आपलं कास्टिंग मिळालं नाही म्हणून अमेरिकेतलं गाड्यांचं डेट्रॉईट बंद पडत नाही. दुसरा कोणीतरी करून देतो. बड्या देशांच्या स्पर्धेत मधल्या देशाचं खरं दुखणं हे आहे, बाकी मैत्री, मिठ्या, भाषणं सोडून द्या.

चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीचंही याच गोष्टीत येतं, थोडक्यात सांगतो. २०२२ ला पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. बाकीच्या देशांनी धडा घेतला, आणि २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. सोन्याच्या मागं चांदीही धावली, तिला सोलर पॅनेलची मागणी होतीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, ज्यानं जुनी चांदी ठेवली होती तो खूश. हुपरीत पैंजण घडवणाऱ्याला मिळते मजुरी, आणि चांदी वाढली म्हणून मजुरी वाढत नाही. उलट भांडवल दुप्पट लागतं आणि गिऱ्हाईक हलका दागिना मागतं.

आता भावाला एवढंच विचारा की तुमच्या फाउंड्रीचा माल शेवटी कुठं बसतो. देशातल्या ट्रॅक्टरला जात असेल तर त्याच्या नोकरीचा संबंध अमेरिकेपेक्षा मान्सूनशी जास्त आहे, वडिलांना निवांत झोपू द्या. अर्ध्याहून जास्त माल बाहेर, त्यात एकाच देशाला जात असेल, तर ओव्हरटाइम कमी होतोय का याकडं लक्ष ठेवा. पहिली कात्री तिथं लागते, कंत्राटी पोरं त्यानंतर, पगारी माणूस शेवटी. शेतासाठी पोटॅश भरणीच्या (उसाला माती लावायच्या) तोंडावर न घेता आधी घेऊन ठेवलेलं बरं, कोरड्या जागेत ते टिकतं. आणि टीव्हीवर नकाशा आणि बाण दाखवायला लागले की आवाज बंद करून परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना बघा. इंग्रजीत असतात, रटाळ असतात, पण साखर, खत, पोलाद, कोक यांचं काय होणार ते तिथं आधी कळतं. भावाला वाचता येतील, नाहीतर इथंच खाली टाका, मी सांगतो काय लिहिलंय ते.