लंडनजवळचं ब्लेचली पार्क बघावं का?

प्रश्न (परभणीहून): पोरगी लंडनला शिकायलीय, जूनमध्ये आम्ही चाललोत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कोड फोडायचे ते ठिकाण बघण्यासारखं हाय का?

उत्तर: काका, जाच. यूस्टनहून ट्रेननं तासाभरात ब्लेचली, स्टेशनहून पायीच जायचं, अन् आख्खा दिवस ठेवा कारण लाकडी हट (कोड फोडणारे ज्यात बसायचे त्या बराकी) बघता बघता वेळ कसा जातो कळत नाही, हट ८ मध्ये कोड फोडणारे गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांची खोली हाय. जर्मन लोक संदेश गुप्त करायला जे एनिग्मा मशीन वापरायचे, त्यावर ए दाबलं तर दिवा कधीच ए चा लागायचा नाही, त्या एका कच्च्या दुव्याचा किती उपयोग केला त्यांनी! पण एनिग्माचं पहिलं कुलूप १९३२ ला पोलंडच्या गणितज्ञांनी उघडलं होतं बरं का. ब्लेचलीत काम करणाऱ्यांत बहुतेक बायाच, अन् त्या कामाबद्दल वर्षानुवर्षं घरात सुद्धा बोलल्या नाहीत, पोरीला हे नक्की दाखवा. कोलोसस, म्हणजे कोड फोडायला तिथं वापरलेलं सुरुवातीचं कम्प्युटर, बघायचं तर शेजारच्या कम्प्युटिंग म्युझियमचं तिकीट वेगळं.