अर्डुइनोवरचा मोठा प्रोग्रॅम वेगवेगळ्या फाइलींत कसा विभागावा?

ठिबक सिंचनाचे नियंत्रण करणारा तुमचा प्रोग्रॅम अर्डुइनो ऊनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर चालतो, तो एकाच फाइलमध्ये हजार ओळींच्या पुढे गेला आहे, आणि त्याचे तुकडे करून हेडर फाइली (इतर फाइलींत समाविष्ट करायच्या .h फाइली) बनवल्यावर, त्यांत इन्क्लूड गार्ड (तोच मजकूर पुन्हा येऊ न देणाऱ्या ओळी) घालूनही, ‘मल्टिपल डेफिनिशन’, म्हणजे एकच नाव अनेकदा तयार झाले, हा एरर येतो, असे तुम्ही लिहिले आहे. आधी एररचे कारण पाहू, कारण विभागणीचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

इन्क्लूड ही आज्ञा हेडरमधला मजकूर जसाच्या तसा त्या जागी आणून ठेवते, आणि कंपायलर प्रत्येक सीपीपी फाइल (प्रत्यक्ष कोड असलेली .cpp फाइल) स्वतंत्रपणे हाताळतो. त्यामुळे पंपाची स्थिती ठेवणारे व्हेरिएबल हेडरमध्ये लिहिले आणि ते हेडर दोन सीपीपी फाइलींनी घेतले, तर एकाच नावाची दोन व्हेरिएबल तयार होतात आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर अडतो. गार्ड फक्त एका फाइलच्या कंपाइलमध्ये तोच मजकूर दुसऱ्यांदा येऊ देत नाही. म्हणून हेडरमध्ये केवळ घोषणा (नाव आणि प्रकार सांगणाऱ्या ओळी) ठेवाव्यात आणि व्हेरिएबल एकाच सीपीपी फाइलमध्ये असावे. हेडरमध्ये एक्स्टर्न (‘हे दुसऱ्या फाइलमध्ये आहे’ असे सांगणारा शब्द) लावून ते सगळ्यांना खुले करता येते, पण मी ते शक्यतो टाळतो. त्यापेक्षा त्याला स्टॅटिक लावावे, म्हणजे ते त्या फाइलबाहेर दिसतच नाही, आणि बाहेरच्या कोडला फंक्शन पुरवावे.

आता फाइली कशाच्या आधारावर पाडायच्या? सगळ्या पिना एका फाइलमध्ये, सगळी फंक्शने दुसरीत, अशी वाटणी नीटनेटकी दिसते, पण प्रत्येक लहान बदलासाठी सगळ्याच फाइली उघडाव्या लागतात. कोणती माहिती कुणापासून लपवायची, हा प्रश्न विचारून विभागणी करावी. पंपाची वीज चालू-बंद करणारी बाजारातली बरीचशी रिले मॉड्यूल पिन लो केल्यावर चालू होतात, काही हाय केल्यावर. ही गोष्ट फक्त पंपाच्या फाइलला ठाऊक असावी. बाकीच्या प्रोग्रॅमने पंप सुरू कर, बंद कर, चालू आहे का, एवढेच म्हणावे. उद्या रिले बदलला तर एकाच फाइलला हात लागेल.

याचा खरा फायदा इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या फंक्शनच्या, बाबतीत दिसतो. पाण्याच्या प्रवाहमापकाचे स्पंद ऊनोच्या 2 किंवा 3 क्रमांकाच्या पिनवर इंटरप्ट लावून मोजले, तर मोजणीचे व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचायचे) असावे लागते. पण तेवढे पुरत नाही. ऊनो आर3वरचा एटीमेगा 328पी हा मायक्रोकंट्रोलर 8 बिटांचा आहे, त्यामुळे 16 किंवा 32 बिटांची संख्या तो तुकड्यांनी वाचतो आणि मध्येच इंटरप्ट आला तर अर्धी जुनी, अर्धी नवी संख्या हाती येते. ती वाचताना इंटरप्ट क्षणभर थांबवून प्रत घ्यावी लागते. हे व्हेरिएबल सगळीकडे खुले असेल, तर ही काळजी प्रत्येक ठिकाणी घ्यावी लागेल आणि कुठे तरी ती राहून जाईल. ते प्रवाहमापकाच्या फाइलमध्ये स्टॅटिक असेल, तर ती एकाच फंक्शनमध्ये घेतली की झाले.

एवढे करूनही एखाद्या फाइलमध्ये डिले (ठरावीक वेळ थांबवणारे फंक्शन) उरला, तर ती फाइल बाकीच्या सगळ्यांना अडवून धरते. म्हणून प्रत्येक भागाला एक छोटे फंक्शन द्यावे, जे मुख्य लूपमधून सतत बोलावले जाते आणि मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) पाहून आपली वेळ झाली आहे का, हे स्वतः ठरवते.

पाणी कधी सोडायचे हा निर्णय वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि तिच्यात अर्डुइनोचे हेडर येऊ देऊ नका. ओलाव्याचा आकडा आणि वेळ दिली की हो किंवा नाही असे उत्तर देणारी ही फाइल लॅपटॉपवरही कंपाइल होते, त्यामुळे शेतात न जाता तपासता येते. माझ्या मते सगळ्यांत जास्त कष्ट वाचवणारी फाइल हीच.

आयएनओच्या (अर्डुइनोच्या .ino फाइलींच्या) अनेक टॅबवर मात्र विसंबू नका. अर्डुइनोचे सॉफ्टवेअर मुख्य फाइलमागे उरलेले टॅब वर्णानुक्रमे जोडून कंपाइलपूर्वी एकच फाइल बनवते, त्यामुळे त्यांच्यात आडपडदा राहत नाही. सीपीपी फाइलमध्ये मात्र अर्डुइनोचे हेडर आणि फंक्शनांच्या घोषणा तुम्हालाच लिहाव्या लागतील. फाइली वाढल्या म्हणून 2 केबी रॅम भरेल, ही भीती बाळगू नका. फंक्शने रॅममध्ये नव्हे, फ्लॅश मेमरीत राहतात, आणि न वापरलेली फंक्शने लिंकर गाळून टाकतो.

सुरुवात पंपापासून करा. तो भाग वेगळा काढून बोर्डावर चढवा, पूर्वीसारखाच चालतो याची खात्री करा, आणि मगच प्रवाहमापकाकडे वळा.